ब्रोशरवर मोनेचा पूल, नशिबी परफ्यूमचं दुकान

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: 12 मे 2025 च्या जिव्हर्नी ऑप्शनल टूरचे पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार,

फोनवर तीनदा सांगून झालं, दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी "मॅडम, तुम्ही मेल टाका", म्हणून आता सगळं लिहूनच काढतेय. लांबलं तर लांबलं.

तुमच्या युरोप टूरला मी, नवरा आणि आई असे तिघं होतो. जिव्हर्नी, म्हणजे फ्रेंच चित्रकार मोनेचं पॅरिसजवळचं गाव, मूळ पॅकेजमध्ये नव्हतं, माणशी 85 युरो वेगळे, म्हणजे तिघांचे 255. ते आम्ही निघायच्या आधीच भरले कारण आईला अख्ख्या युरोपात खरं तर एवढंच बघायचं होतं. आई 31 वर्षं ड्रॉइंग टीचर होती, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली त्याची गणती नाही, आणि मोनेच्या तलावाचं कॅलेंडरचं एक पान आमच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या वर इतकी वर्षं चिकटवलेलं आहे की फोडणीच्या धुराने त्यातला हिरवा पूल तपकिरी झालाय. तुमच्या ब्रोशरवर नेमका तोच पूल, पानभर. खाली "मोनेचं घर आणि बाग, अर्धा दिवस".

आता अर्धा दिवस कसा गेला ते ऐका. साडेआठची बस 10.20 ला सुटली. वाटेत आउटलेटला "फक्त अर्धा तास" म्हणून थांबलो तिथे परफ्यूम आणि पर्सच्या नादात दोन तास, मग इंडियन जेवण, तेही उलट्या दिशेला. पॅरिसपासून जिव्हर्नी जेमतेम 75 किलोमीटर. सां-लाझार स्टेशनवरून ट्रेनने तासाभरात व्हर्नोंला पोचता येतं, पुढे शटल बस मिळते, आपापले गेलो असतो तर सकाळीच बागेत असतो. तुमच्याबरोबर पोचलो 4.40 ला. सहाला बंद होतं ते. आणि उतरताना टूर मॅनेजर म्हणाला, साडेपाचला सगळे बसमध्ये, ड्रायव्हरचे तास संपतात. ड्रायव्हरचे तास आउटलेटमध्ये कुणाला आठवले नाहीत.

बरं, बसमध्ये माइकवर माहिती काय, तर पूर्ण वेळ "माने, माने". मागच्या सीटवरून आई दोनदा म्हणाली, अहो माने वेगळा चित्रकार, हा मोने. (त्यावर एक काका म्हणाले, मोने म्हणजे आपले कोकणातले का? ते सोडा, त्यांनी निदान विचारलं तरी.) शिवाय घरातली चित्रं ओरिजिनल आहेत असं ठोकून दिलं. तिथे भिंतींवर कॉपीज आहेत हो, मोनेच्या मुलाकडे उरलेली चित्रं 1966 मध्ये पॅरिसच्या मार्मोत्तान म्युझियमला गेली, हे आईला पाठ आहे आणि तुमच्या माणसाला माहीत नाही.

घर मात्र बघितलं, खोटं बोलणार नाही. रांगेतून आत जाईपर्यंत पाच वाजून गेले, पण ती जेवणाची खोली! भिंती पिवळ्या, खुर्च्या पिवळ्या, कपाटं पिवळी, आणि भिंतीभर जपानी छापचित्रं. पलीकडे स्वयंपाकघर, निळ्या टाइल्सचं, तांब्याची भांडी लहानमोठी ओळीने टांगलेली. आई तिथे थांबूनच राहिली, मला म्हणते, ही चिंच लावून घासत असतील का गं? एवढ्यात मागून टाळ्या, "चला चला, फास्ट".

आणि मुख्य तक्रार पुढेच आहे. तलाव घराला लागून नाही. घरासमोर फुलांची बाग, मग रस्ता, पूर्वी तिथूनच रेल्वे जायची, आणि तलाव रस्त्यापलीकडे, खालून भुयारी वाटेने जायचं. मोने 1883 पासून 1926 मध्ये वारला तोपर्यंत तिथेच राहिला, पलीकडची जागा त्याने 1893 मध्ये घेतली, नदीच्या फाट्याचं पाणी वळवायचं तर गावकरी विरोधात, का तर परदेशी झाडांनी पाणी विषारी होईल. परवानगीसाठी त्यालाही सरकारी ऑफिसरला पत्रं लिहावी लागली होती म्हणे. आता मी लिहितेय.

5.22 ला (फोटोवर वेळ आहे, सोबत जोडलाय) आम्ही त्या भुयारी वाटेच्या तोंडाशी होतो. तुमच्या मॅनेजरने तिथून परत फिरवलं. "काकू, पलीकडे फक्त पाणी आहे, आणि पायऱ्या आहेत, तुमचे गुडघे." आईच्या गुडघ्यांची काळजी आउटलेटच्या दोन तासांत कुठे गेली होती? ती काही बोलली नाही. पुलावर विस्टेरियाच्या फुलांचे घोस मे महिन्यात असतात, कमळं नीट फुलायला अजून अवकाश असतो, एवढं सगळं ती माझ्या नवऱ्याला आदल्या रात्री सांगत बसली होती. परत फिरताना फक्त म्हणाली, चल, लोक खोळंबतील.

वर मॅनेजरची समजूत अशी की "उद्या पॅरिसमध्ये ओरांजेरी म्युझियमला कमळांची मोठी चित्रं बघा की, फ्री टाइम आहे". दुसऱ्या दिवशी मंगळवार. ओरांजेरी मंगळवारी बंद असतं! आम्ही दारापर्यंत जाऊन आलो, टॅक्सीने.

तुम्ही पुढच्या टूरसाठी 2,000 रुपयांचं कूपन पाठवलंत ते नको. 255 युरो पूर्ण परत हवेत, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात, 15 दिवसांत, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार आहे. आणि ब्रोशरवरचा तो पूल काढा. तिथे पिवळ्या जेवणाच्या खोलीचा फोटो टाका आणि खाली लिहा, 50 मिनिटं.

नाव, नंबर बुकिंगवर आहेतच.

सोबत: पावती, ब्रोशरचं पान, 5.22 चा फोटो