जाहिरात छापा, पण पैसे कोणाचे तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एकाने लिहिलं होतं की राजकीय पक्षांच्या जाहिराती पेपर, टीव्ही, रेडिओ सगळीकडून कायमच्या बंद करा. त्यांचा वैताग समजतो, निवडणूक आली की पेपर उघडावा तर पहिलं पान जाहिरात, उलटावं तर मागचंही जाहिरात, आणि खऱ्या बातम्या तिसऱ्या पानापासून सुरू. पण सरसकट बंदी मला पटत नाही, निदान पेपरांच्या बाबतीत तरी नाही.

टीव्हीचं आधी उरकतो. आपल्याकडे ही बंदी कागदावर होतीच की! केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत साफ लिहिलंय, धार्मिक किंवा राजकीय हेतूची जाहिरात चालणार नाही म्हणून. २००४ च्या लोकसभेच्या तोंडावर आंध्रच्या हायकोर्टाने तो नियम उडवला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथून तोडगा निघाला की आधी निवडणूक आयोगाने नेमलेल्या समितीकडून सर्टिफिकेट घ्या आणि मग दाखवा. इंग्लंडमध्ये आजही टीव्ही-रेडिओवर पक्षांना वेळ विकत मिळत नाही, ठरलेला वेळ फुकट मिळतो, आणि त्या बंदीविरुद्ध एक प्राणीहक्कवाली संस्था युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेली तेव्हा २०१३ मध्ये बंदी टिकली खरी पण ९ विरुद्ध ८ अशी, म्हणजे कोर्टालाही ते जडच गेलं. आपल्या दूरदर्शन-आकाशवाणीवरही १९७७ पासून पक्षांना फुकट वेळ आहे, तो कोण बघतं हा भाग वेगळा. तर टीव्हीवर पुन्हा बंदी आणायची असेल तर खुशाल आणा. पण सारखं इंग्लंडचं उदाहरण देणाऱ्यांनी हेही सांगावं की तिथली बंदी छापील पेपरांना लागू नाही.

आता पेपर. बंद केल्याने पैसा थांबतो का? तो बातमीच्या वाटेने येतो, आणि हे आपल्या महाराष्ट्राइतकं कोणी बघितलं नसेल. २००९ ची विधानसभा आठवा. अशोक चव्हाण मुख्यमंत्री होते, भोकरमधून उभे होते. मोठमोठ्या मराठी दैनिकांत ‘अशोक पर्व’ म्हणून पानंच्या पानं कौतुक आलं, त्यावर जाहिरात असा शब्द नाही, आणि पत्रकार पी. साईनाथांनी दाखवून दिलं की एकच लेख एकमेकांच्या स्पर्धेतल्या तीन पेपरांत जसाच्या तसा आलाय. निवडणूक खर्चाच्या हिशेबात मात्र पेपरातल्या जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये! चव्हाणांचं म्हणणं की आम्ही पैसे दिलेच नाहीत. पुढे पाच वर्षं केस चालली, निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये हिशेब बरोबर नाही असं म्हणून नोटीस काढली आणि त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन जणांच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, पेपरांची नावं घेऊन अहवाल लिहिला होता, तो कौन्सिलने आधी बाहेरच येऊ दिला नाही. म्हणजे जाहिरातीला परवानगी असताना ही गत, तर बंदी आल्यावर काय होईल विचार करा. जाहिरातीचं निदान बिल तरी फाटतं हो.

पेड न्यूज पकडायची सोय आता आहे, नाही असं नाही. जिल्ह्याला समिती असते, संशय आला तर छापून आल्यापासून ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस, त्याने ४८ तासांत उत्तर द्यायचं, नाही पटलं तर खर्च त्याच्या खात्यात धरायचा. पण देणारा आणि घेणारा दोघंही नाही म्हणाले की समिती तरी काय करणार?

आणि खालच्या पातळीवर तर सगळं वर्षभर चालतं. माझा एक मित्र तालुक्याचा वार्ताहर होता. त्याला पगार नव्हता, जाहिरातीवर कमिशन होतं, बातम्या पाठवायच्या त्या वेगळ्या. कोणा ‘भावी आमदारां’चा वाढदिवस आला की वरून फोन यायचा की अमुक इतक्याची पुरवणी झाली पाहिजे. मग हा डायरी घेऊन फिरायचा, पतसंस्था, शिक्षण संस्था, खताचं दुकान, पेट्रोल पंप, बांधकामाचे ठेकेदार. प्रत्येकाचा पासपोर्ट साइज फोटो आणि खाली शुभेच्छुक. मधल्या पानावर ‘कार्यसम्राटां’वर लेख, तोही यानेच रात्री बसून लिहिलेला, खाली नाव दुसऱ्याचं. ठेकेदार काही प्रेमाने पैसे देत नव्हता, त्याला बिलं पास करून घ्यायची होती. आता सांगा, ही पुरवणी राजकीय जाहिरात की शुभेच्छा? बंदीचा कायदा करणाऱ्याला आधी याची व्याख्या करावी लागेल, आणि ती केली तरी ‘भावी आमदार’ दुसऱ्या दिवशी ‘समाजसेवक’ होतील. वर तालुक्याची छोटी साप्ताहिकं असल्याच जाहिरातींवर जगतात, त्यांना दुसरं द्यायला कोणाकडे काय आहे? बंदीने आधी ती मरतील, मोठे पेपर कुठूनतरी भरून काढतील.

माझं म्हणणं एवढंच की जाहिरात कितीही मोठी छापा, पण तिच्याखाली दोन ओळी हव्यात, पैसे कोणी दिले आणि किती दिले. १३ जून २०२३ ची ती जाहिरात विसरला नसाल, देशात मोदी राज्यात शिंदे अशा अर्थाची, पानभर. कुठल्याशा सर्व्हेचा हवाला देऊन मुख्यमंत्री म्हणून शिंदेंना २६.१ टक्के आणि फडणवीसांना २३.२ टक्के पसंती असं छापलं होतं. केवढा गोंधळ झाला! दुसऱ्या दिवशी फडणवीसांचा फोटो घालून नवी जाहिरात द्यावी लागली. आणि पहिलीचं काय, तर शिंदे गटाच्याच मंत्र्यांनी सांगितलं की ती कोणा हितचिंतकाने दिली. अहो, एवढ्या पेपरांत पहिल्या पानाच्या जाहिराती देणारा हितचिंतक कोण ते राज्याला कळायला नको? ज्या पेपरांनी ती छापली त्यांच्या हिशेब खात्यात नाव असणारच ना, बिल कोणाच्या नावाने केलं? तिथे निवडणूक नव्हती, आचारसंहिता नव्हती, त्यामुळे विचारायचा अधिकारच कोणाला नाही.

गंमत बघा, गल्लीत वाटायच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फेसबुकवर राजकीय जाहिरात दिली तरी ती कोणी दिली आणि अंदाजे किती खर्च केला ते त्यांच्या जाहिरातींच्या ऑनलाइन लायब्ररीत कोणालाही बघता येतं, त्यात पळवाटा आहेत ते मान्य. आणि ज्यावर लोकांचा सगळ्यात जास्त भरवसा त्या छापील पेपरात निवडणुकीच्या दिवसांतही जाहिरातदाराचं नाव सापडलं तर कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत आणि रक्कम तर नाहीच.

रक्कम का हवी ते सांगतो. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, लोकसभेला ९५ लाख, पण पक्षाला मर्यादाच नाही. उमेदवाराचं नाव-फोटो न घालता नुसता मोठ्या नेत्याचा फोटो आणि चिन्ह टाकलं की तो खर्च पक्षाचा, मग कितीही पानं घ्या. अपक्षाने किंवा लहान पक्षाने याच्याशी लढायचं कसं? खरी लगाम तिथे घाला, पक्षाच्या खर्चाला मर्यादा लावा.

दुसरं, मतदान संपण्याआधीचे ४८ तास. त्या काळात टीव्हीवर प्रचार चालत नाही, त्याच कायद्याचं कलम १२६ आहे, पण त्यात छापील पेपर नाही. म्हणून मतदानाच्या सकाळी केंद्रावर जायच्या आधी चहाबरोबर पानभर नेता हजर! आयोग त्या दोन दिवसांच्या जाहिराती आधी तपासून घ्यायला सांगतो इतकंच. कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने २०१५ मध्येच सुचवलंय की हे कलम पेपरांनाही लावा. कोणत्याच सरकारला घाई नाही, आणि खरं सांगायचं तर पेपरांनाही नाही. बंदी पाहिजेच असेल तर या दोन दिवसांची घाला, ती मला मान्य आहे.

कायदा होईल तेव्हा होईल, पण दोन ओळी छापायला कायदा कशाला लागतो? तुमच्या जाहिरात विभागाने ठरवलं तर पुढच्या निवडणुकीपासून प्रत्येक राजकीय जाहिरातीखाली देणाऱ्याचं नाव आणि तुम्ही घेतलेली रक्कम येऊ शकते. वाढदिवसाच्या पुरवण्या धरून. तुम्ही हे करणार का? पत्र मोठं झालंय, कुठेही कात्री लावा, पण हा प्रश्न ठेवा आणि जमल्यास त्याच्याखाली उत्तरही छापा.

आपला,
एक जुना वाचक, बार्शी