वरच्या मजल्यावरच्या काकूंना, जाहीर थँक्यू

प्रिय काकू,

हे तुमच्या तोंडावर म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पुरे आता" म्हणता आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय असं सांगून सटकता, म्हणून लिहूनच टाकतेय आणि सगळ्यांसमोर टाकतेय, म्हणजे पूर्ण वाचल्याशिवाय तुमची सुटका नाही. शिवाय पोरांना भरवता भरवता मेटाकुटीला आलेले आईबाप काही आम्ही दोघंच नाही, त्यांच्याही कामाला येईल.

तुम्ही इतकी वर्षं हॉस्पिटलमध्ये आहारतज्ज्ञ होतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. थोरली तीनची होती, धाकट्याला नुकतंच वरचं खाणं सुरू करायचं होतं, आणि रोज संध्याकाळी आमच्या घरातून जो आरडाओरडा वर ऐकू यायचा त्याला वैतागून तुम्ही खाली आलात असंच मला वाटलं होतं. तक्रार करतील म्हणून मी दार उघडलं तर तुम्ही सरळ विचारलंत, ही दिवसभरात दूध किती पिते गं? ताटात काय वाढते, कशी भरवते, काही नाही, आधी दूध. मी मनातल्या मनात कपांची बेरीज करत बसले आणि तुम्ही तोवर समजावून पण टाकलंत की या वयाला दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास दूध पुष्कळ झालं, त्याच्या वर गेलं की पोट तिथेच भरतं, दुधात लोह जवळजवळ नसतंच आणि वर त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोह नीट शोषू देत नाही. डॉक्टरांकडे रक्त तपासून घ्या म्हणालात, हिमोग्लोबिन कमीच निघालं, औषध सुरू झालं, दूध आटोक्यात आलं आणि महिन्याभरात पोरगी चक्क "भूक लागली" म्हणायला लागली. हा शब्द तिच्या तोंडून आम्ही ऐकलाच नव्हता कधी.

पण भूक लागली म्हणजे सगळं खाणार असं थोडीच असतं. भात, केळं, बटाटा, दही, संपली यादी. दोन ते सहा वर्षांच्या पोरांमध्ये नव्या पदार्थाची भीती सगळ्यात जास्त असते, तिला फूड निओफोबिया असं भारदस्त नावही आहे, आणि तो हट्टीपणा नाही हे तुम्ही सांगितलंत तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता कारण तो "लाडावलीय, दुसरं काही नाही" या पार्टीचा. एखादी नवी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, आणि बहुतेक घरात तीन-चारदा नाकारलं की "हिला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतात. हे ऐकल्यावर मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू.

आणि मग ती मटारची वाटी. तुम्ही शेंगा घेऊन आलात, खाली बसलात, आणि थोरलीला एवढंच म्हणालात, मला सोलायला मदत करतेस का. खा म्हणाला नाहीत. तिने शेंग उघडली, आत दाणे ओळीने बसलेले बघून तिला फार गंमत वाटली, एक दाणा दाबून फोडला, मनगटावर घासला, वास घेतला, मग जिभेचं टोक लावून झटकन मागे घेतलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही डोळ्यांनीच दटावलंत मला. शेवटी तिने एक दाणा चावला आणि लगेच थू केला, तर तुम्ही शेजारी ठेवलेली रिकामी वाटी पुढे सरकवलीत, म्हणे ही थुंकायची वाटी, नाही आवडलं तर इथे टाकायचं, कुणी रागवणार नाही. काकू, तुम्ही आम्हाला जे काय शिकवलंत ना त्यात ही वाटी एक नंबर. तोंडात घातलं म्हणजे गिळावंच लागणार ही भीती गेली आणि पोरगी काहीही चाखायला तयार व्हायला लागली. चाखणं वेगळं आणि खाणं वेगळं. आता आमच्याकडे नवीन काही आलं की ती स्वतःच विचारते, थुंकायची वाटी कुठंय? पाहुण्यांसमोर पण विचारते, त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा आता.

तुम्ही क्लारा डेव्हिसची गोष्ट सांगितलीत ती मी निदान वीस जणांना ऐकवली असेल. १९२६ साली अमेरिकेत या डॉक्टरीण बाईंनी नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांसमोर जेवणाचे ट्रे ठेवायला सुरुवात केली, एकूण ३४ पदार्थ, नर्सेसना सक्त ताकीद की काही सुचवायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, बाळ ज्याकडे हात करेल तेच द्यायचं. असली १५ पोरं, एकेकाचे विचित्र नखरे, पण सगळी धडधाकट झाली. एकाला मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) होता, त्याच्या ट्रेवर कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे त्यावर देतात ते माशाच्या यकृताचं तेल, ठेवलं तर तो बरा होईपर्यंत ते आपणहून प्यायला! हे ऐकून नवरा म्हणाला मग देऊ या आपणही काय मागेल ते, तर तुम्ही म्हणालात थांब, मेख पुढेच आहे, त्या ट्रेवर साखर नव्हती, बिस्किटं नव्हती, सगळे साधे ताजे पदार्थ होते. काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवलं, कशाला आणि किती हात लावायचा ते पोरांनी. आमच्या घरात सध्या हाच कायदा लागू आहे. ताटात एक तरी तिचं ओळखीचं आणि शेजारी चिमूटभर नवीन, आणि आम्ही आपल्या गप्पा मारत जेवायचं, तिच्या ताटाकडे बघायचं नाही. हे शेवटचं फार अवघड आहे हो.

"दोन घास भाजी खाल्लीस तर चॉकलेट" हे तर आजी-आजोबांपासून सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. तुम्ही म्हणालात, यात भाजी म्हणजे टोलनाका आणि चॉकलेट म्हणजे गाव, टोलनाका कुणाला कधी आवडलाय? मुलांच्या खाण्याच्या सवयींवर संशोधन करणाऱ्या लिअॅन बर्च यांनी १९८० च्या दशकात पोरांवर हेच करून पाहिलं होतं म्हणे, एखादं पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिलेल्या पोरांना ते पेय नंतर आधीपेक्षा कमी आवडायला लागलं. आजोबांना हे पटलेलं नाही. ते अजूनही गुपचूप सौदा करतात आणि पोरगी येऊन मला सांगते.

आता धाकट्याबद्दल. त्याच्या गालावर, कोपरात एक्झिमा, म्हणजे कोरडे खाजरे चट्टे, त्यामुळे अंडं आणि शेंगदाणा या दोन गोष्टींची आम्हाला नुसती धडकी भरलेली, जितकं लांब ठेवू तितकं बरं असंच सगळे सांगत होते. तुम्ही २०१५ चा तो लीप नावाचा अभ्यास काढून दाखवलात, ६४० बाळं, सगळी ॲलर्जीची जास्त शक्यता असलेली, ४ ते ११ महिन्यांची असताना अर्ध्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित द्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यांना पूर्ण टाळले, पाच वर्षांची झाल्यावर टाळलेल्यांत साधारण १७ टक्के पोरांना शेंगदाण्याची ॲलर्जी आणि खाणाऱ्यांत जेमतेम ३ टक्के. म्हणजे सगळं उलटंच की. पण तुम्ही घाई करू दिली नाहीत हे मला सगळ्यात आवडलं, एक्झिमा जास्त आहे तर आधी डॉक्टरांकडे टेस्ट, त्यांनी हो म्हटल्यावरच घरी, तेही बाळ ठणठणीत असताना, सकाळच्या वेळी, गुळगुळीत वाटलेलं दाण्याचं बटर पातळ करून चमच्याच्या टोकावर, त्या दिवशी दुसरं नवीन काही नाही. अख्खा दाणा मात्र इतक्या लहान पोराला कधीच नाही, घशात अडकतो. वर्षाच्या आत मध नाही कारण बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका, हेही तेव्हाच सांगितलंत आणि घरातल्या दोन ज्येष्ठ मंडळींचा रोष ओढवून घेतलात. त्या दोघांना तुम्ही कसं शांत केलंत ते मला अजून कळलेलं नाही.

घास अडकण्याचं तर तुम्ही आमच्याकडून पाठच करून घेतलंत. पोर खोकतंय, लाल झालंय, ओकारी काढतंय, आवाज येतोय तर ते स्वतःच निस्तरतंय, आपण शांत राहायचं. आवाजच बंद झाला, रडता खोकता येत नाही, तर ते खरं अडकणं. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घेऊन पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब, आणि न दिसणाऱ्या घासासाठी तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, तो आणखी आत जातो. नुसतं ऐकून चालणार नाही म्हणून आम्हा दोघांना प्रथमोपचाराच्या क्लासला पिटाळलंत. द्राक्षं उभी चिरून चार फाका करायची सवय इतकी लागलीय की नवऱ्याने परवा स्वतःसाठी पण तशीच चिरली.

आणि तुमचं ते भिंग! बाळांच्या नावाने जे काय विकतात त्याची समोरची बाजू तुम्ही वाचतच नाही, पाकीट उलटं करता आणि भिंग लावता. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पालक-मटार असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पाऊचमध्ये पहिला घटक सफरचंदाची प्युरी निघते तेव्हा पोर पालकाची चव शिकत नाहीये, सफरचंदाची शिकतंय. "साखर घातलेली नाही" आणि खाली फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे आटवलेला रस. जागतिक आरोग्य संघटना तर मध, फळांचा रस, कॉन्सन्ट्रेट हे सगळं मोकळ्या, म्हणजे वरून घातलेल्या साखरेसारख्याच, साखरेत धरते आणि ती एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ च्या आत ठेवा म्हणते. चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चमचा, हा हिशोब तुम्ही थोरलीला पण शिकवलात, आता ती दुकानात मोठ्याने चमचे मोजते. पाऊचच्या बाबतीत मात्र माझं तुमच्याशी पूर्ण पटत नाही. तुम्हाला ते डोळ्यांसमोर नको, मी प्रवासात एखादा ठेवतेच, फक्त तोंडाला लावून चोखायला देत नाही, चमच्यात पिळून देते. चालवून घ्या एवढं.

खाण्याच्या बाहेरच्या वस्तू पण तुमच्या तावडीतून सुटल्या नाहीत. कुणीतरी भेट दिलेला बेबी वॉकर तुम्ही दारातूनच परत पाठवायला लावलात, कॅनडात २००४ पासून त्यावर बंदीच आहे म्हणून सांगितलंत, जिन्यावरून पडण्याचे प्रकार आणि वर चालणं लवकर यायला मदत होते तीही नाही. दातांसाठी बधिर करणारं जेल, बेंझोकेनवालं, दोन वर्षांच्या आत नकोच. नवीन क्रीम आणलं की आधी हाताच्या एका छोट्या जागी काही दिवस लावून बघायचं, आणि वासाचं शक्यतो घ्यायचंच नाही, धाकट्याची त्वचा त्यानंतरच जरा शांत झाली.

थोरलीचं सध्या मटार, गाजर, अंडं, मसूर बरं चाललंय, मशरूमला वाटी लागते. धाकटा समोर येईल ते खातो, त्यात तुमचा किती वाटा आणि त्याच्या स्वभावाचा किती ते देवच जाणे, पण क्रेडिट मी तुम्हालाच देणार. वांगं अजिबात जमलेलं नाही. कितीदा समोर आलं, कितीदा वाटीत गेलं, पोरगी ढिम्म. आणि खरं सांगू का, मला पण वांगं आवडत नाही, त्यामुळे तुम्ही कितीही आग्रह केलात तरी त्या आघाडीवर आमच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

खूप खूप थँक्यू काकू.

तुमची,
खालच्या मजल्यावरची