विषय : कटिंग मशीनचा दाबरोलर सदोष, तरीही वॉरंटी नाकारल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

जूनमध्ये तुमच्याकडून छोटं व्हाइनिल कटिंग मशीन २४,५०० रुपयांना घेतलं. बिलाची प्रत जोडली आहे. सांगलीत लोक याला रेडियम कटिंगचं मशीन म्हणतात. मी त्यावर सर्किट बोर्डची तयारी करतो. तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागायतदारांना ठिबकचे टायमर बनवून देतो, एकटाच.

व्हाइनिलवर डिझाइन कापायचं, नको तो भाग चिमट्याने उचलायचा, उरलेलं तांब्याच्या बोर्डवर चिकटवून बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. उघडं तांबं विरघळतं, व्हाइनिलखालचं राहतं.

टायमरला ४० पायांचा आयसी (चिप) लागतो. एका बाजूला २० पाय, दोन पायांत २.५४ मिमी, पहिल्यापासून विसाव्यापर्यंत ४८.२६ मिमी. तुमच्या मशीनवर कापलेलं व्हाइनिल लावून केलेल्या बोर्डात पहिला पाय भोकात बसतो आणि विसावा अर्धा मिलिमीटर बाहेर राहतो. असे सात बोर्ड वाया गेले.

चूक माझी असेल म्हणून १०० मिमीचे पाच चौकोन कापून व्हर्नियरने मोजले. आडवं माप पाचही वेळा बरोबर. रोलर शीट सरकवतो त्या दिशेने मात्र ९९.४, ९८.७, ९९.१, ९८.५, ९९.२. दर वेळी फरक वेगळा, म्हणून तुमच्या माणसाने फोनवर सुचवल्याप्रमाणे डिझाइन ताणूनही उपयोग नाही. कापाचं शेवटचं टोक सुरुवातीला मिळत नाही, त्यामुळे सोलताना पॅड, म्हणजे आयसीचा पाय जोडायचा ठिपका, फाटून येतो.

कारणही सापडलं. शीट दाबून धरणाऱ्या दोन्ही दाबरोलरखाली कागदाची पट्टी धरून ओढली. उजवीकडची फाटली, पण सुटली नाही. डावीकडची एका बोटाने अलगद बाहेर आली. डावा रोलर दाबतच नाही, म्हणून शीट सरकते. याचा व्हिडिओ २ ऑगस्टला पाठवला आहे.

त्यावर उत्तर आलं, 'मशीन स्टिकरसाठी आहे, सर्किट बोर्डसाठी वापरल्याने वॉरंटी लागू नाही.' हे मला मुळीच मान्य नाही. मशीनमध्ये व्हाइनिलशिवाय काहीही गेलेलं नाही. तांबं आणि फेरिक क्लोराइड परसात असतं, मशीन घरात. आणि या रोलरवर गाडीची नंबर प्लेट कापली तरी ती वाकडीच येणार.

पंधरा दिवसांत रोलर बदलून द्या, नाहीतर मशीन स्वखर्चाने नेऊन पूर्ण रक्कम परत करा. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे, अकरा टायमरचा ॲडव्हान्स घेतलेला आहे आणि शेतकऱ्यांना रोज काय सांगायचं हा माझ्यापुढे प्रश्न आहे. दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि पुढे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे तुमच्या गावी हेलपाटे घालायची मला गरज नाही.

मशीन मूळ खोक्यात बांधून ठेवलं आहे. माणूस कोणत्या दिवशी येणार ते लेखी कळवावे.

आपला ग्राहक,
विश्रामबाग, सांगली