बँशचा कार्निवल आणि आपला शिमगा

महोदय,

दरवर्षी फेब्रुवारीत आपल्या पेपरात कार्निवलचे फोटो येतात, रिओ, व्हेनिस, पणजीचे चित्ररथ, छानच असतात ते, पण यंदा मुलीकडे ब्रसेल्सला होतो आणि तिथून ट्रेनने साधारण तासाभरावर असलेल्या बेल्जियममधल्याच बँश नावाच्या छोट्या गावातला कार्निवल बघायला मिळाला, त्याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हे पत्र.

ईस्टरच्या आधीचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी त्याचा मुख्य दिवस असतो. त्या दिवशी गावातले शेकडो पुरुष 'जील' होतात. अंगात लाल-पिवळा-काळा, सिंहांची चित्रं लावलेला पोशाख, त्यात छाती-पाठीला पेंढा ठासून भरलेला, कमरेला घंटांचा पट्टा, पायात लाकडी बूट. पहाटे अंधारातच घरचे लोक त्यांना तयार करतात, मग ढोलवाला दारात येतो, त्याच्या तालावर एक जील निघतो, पुढच्या घरातला त्याला मिळतो, असं करत करत उजाडेपर्यंत रस्ता भरतो. ढोल नसेल तर जील रस्त्यावर पाऊलच टाकत नाही, हा नियम. वाटेत घरोघरी सकाळीच शॅम्पेन! सकाळी सगळ्यांना सारखाच मेणाचा मुखवटा, हिरवा चष्मा नि मिशा, त्यामुळे मालक कोण नि कामगार कोण काही कळत नाही. दुपारी मुखवटे नसतात, तेव्हा डोक्यावर शहामृगाच्या पिसांच्या प्रचंड टोप्या आणि हातात संत्र्यांची टोपली. संत्री लोकांकडे फेकतात, ती भेट असते, परत फेकायची नाही, तो मोठा अपमान समजतात (आपल्याकडून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं). खिडक्यांना आधीच जाळ्या लावून ठेवलेल्या असतात.

मला सगळ्यात भावलं ते हे की हा पोशाख घालून जील गावाबाहेर जातच नाही, कितीही आमंत्रणं येऊ देत, आणि जील व्हायचं तर घराणं बँशचं पाहिजे किंवा निदान ५ वर्षं तिथे राहिलेलं पाहिजे. म्हणजे हा उत्सव गावाचा, आपण नुसते पाहुणे. युनेस्कोने २००३ मध्ये जपण्याजोगा वारसा म्हणून मान दिला तरी त्यांनी तो पर्यटकांसाठी सोपा करून ठेवला नाही. बायकांना मात्र जील होता येत नाही, पहाटे उठून सगळी तयारी करायची नि मग मागून चालायचं, हे मला पटलं नाही.

तिथे उभं राहून मला सारखा आमच्या रत्नागिरीकडचा शिमगा आठवत होता. ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, मुंबईचे चाकरमानी रजा काढून धावत येतात, खांदा द्यायचा मान कुणाचा ते पिढ्यान् पिढ्या ठरलेलं, संकासूर, गोमू अशी सोंगं, खेळे म्हणजे नाचगाणी करत फिरणारी मंडळी... आपल्याकडे काय कमी आहे? पण हल्ली काही ठिकाणी ढोल-ताशे मागे पडून डीजे पुढे येतो तेव्हा फार वाईट वाटतं. बँशमध्ये कार्निवल आणि मुखवट्यांचं चांगलं मोठं म्युझियम आहे, स्वतःच्या उत्सवाबरोबर जगभरचे मुखवटे त्यांनी तिथे जपलेत, आणि तो एक दिवस संपला तरी वर्षभर पोरांना ते बघता येतं.

तसं काही रत्नागिरीत किंवा सिंधुदुर्गात व्हायला हवं, संकासुराची उंच टोपी, खेळ्यांचे पोशाख, जुने ढोल, नमनाची (आमच्याकडच्या लोकनाट्याची) गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करून, हे सगळं एका जागी. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा आणि येत्या शिमग्याला गावोगावच्या मानकऱ्यांशी नि ढोलवाल्यांशी बोलून रविवारच्या पुरवणीत लिहावं, ही मनापासून विनंती. आमच्या गावची माहिती नि जुने फोटो मी आनंदाने पाठवीन.

— एक वाचक, रत्नागिरी