पहिली रात्र अल्बेर्गेतच काढ

प्रिय बाळा,

परवा फोनवर म्हणालास, "आई, पहिल्या रात्रीसाठी एखादं बरं हॉटेल बघतो, झोप नीट व्हायला हवी." तेव्हा मी गप्प बसले. असलं काही फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. कामिनोची, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतच्या पायी यात्रेची, सुरुवात तू फ्रान्समधल्या सां-झाँहून करतोयस. तिथे हॉटेल घेऊ नकोस. अल्बेर्गेतच उतर, म्हणजे यात्रेकरूंच्या साध्या सामायिक निवासात.

बायोनहून निघणारी छोटी गाडी तासाभरात सां-झाँ-पिए-द-पोरला पोचते. उतरलास की पाठीवर सॅक घेतलेली माणसं गावाकडे चढताना दिसतील, त्यांच्या मागे जा. र्‍यू द ला सितादेल ही दगडी चढाची गल्ली, तिथे ३९ नंबरला यात्रेकरूंचं कार्यालय आहे. तिथे क्रेदेन्सियाल मिळेल, म्हणजे शिक्के घ्यायची घडीची पुस्तिका. ती पासपोर्टाइतकीच जप. ती दाखवली तरच वाटेवरच्या अल्बेर्गेत खाट मिळते, आणि शेवटी सांतियागोत तीच तपासतात.

तिथे बसलेले स्वयंसेवक बहुतेक स्वतः चालून आलेले असतात. त्यांना हवामान विचार. डोंगरावरची वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते. तू एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात निघतोयस, तेव्हाही वर बर्फ किंवा दाट धुकं असू शकतं. ते म्हणाले वाल्कार्लोसच्या खोऱ्यातून जा, तर हट्ट न करता तिकडूनच जा. यात मला तुझा शब्द हवा.

आता अल्बेर्गेबद्दल. दारातच बूट काढून फळीवर ठेवायचे. सॅक खाटेवर ठेवायची नाही, ढेकणांची भीती असते. दुमजली खाटा, एका खोलीत अनोळखी दहा-बारा जण, न्हाणीघरासाठी रांग. दहाच्या सुमारास दिवे बंद. कुणीतरी घोरणारच, कानात घालायचे बोळे विसरू नकोस. आणि सकाळचं सामान रात्रीच भरून ठेव. पहाटे पाच वाजता प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरवणाऱ्या माणसाचा खोलीतल्या सगळ्यांना राग येतो.

मी गेले तेव्हा मला वरची खाट मिळाली होती. दिवे गेले तरी डोळा लागेना. जवळजवळ ७८० किलोमीटर, आणि पहिल्याच दिवशी पलीकडच्या रोन्सेस्वायेस गावापर्यंत पिरेनीज पर्वत ओलांडायचा. आपण हे कुणाच्या भरवशावर ठरवलं, असं वाटून मला रडू आलं. आवाज होऊ नये म्हणून तोंडात चादर धरली होती. आणि मग ऐकू आलं, पलीकडच्या खाटेवरचा माणूसही सारखा कूस बदलत होता. खालचीने दोनदा पाणी प्यायलं. त्या खोलीत झोप कुणालाच नव्हती. हे कळलं तशी मी शांत झाले. हॉटेलच्या खोलीत हे मला कधीच कळलं नसतं रे. मी एकटीच घाबरले आहे असं समजून सकाळी निघाले असते.

उजाडल्यावर मी सॅक चढवली, तर ती खालची बाई उठून माझ्यापुढे उभी राहिली. सत्तरीची असावी. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तिने माझे खांद्याचे पट्टे सैल केले, कमरेचा पट्टा वर सरकवून नितंबाच्या हाडांवर आणला, बक्कल लावून दोन्ही टोकं घट्ट ओढली आणि मगच खांद्याचे पट्टे पुन्हा जरासे आवळले. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले होते, ओढताना तिला दुखत होतं ते दिसत होतं. खांद्यांवरचं ओझं एकदम कमरेवर उतरलं. तिने सॅकवर थाप मारली आणि बूट घालायला वळली. बाराशे मीटरांहून जास्त चढ मी त्या पट्ट्यावर चढले.

तू पट्टा असाच बांध. आणि ओझं वजनाच्या दहाव्या हिश्शावर नेऊ नकोस. तू ७० किलोचा, म्हणजे पाण्यासकट सात किलो. ती जाड जीन्स काढून टाक, भिजली तर दोन दिवस वाळत नाही. मोजे तीन जोड पुरतात, रोज धुवायचे.

रविवारी सॅक भरशील तेव्हा मला फोटो पाठव. सगळं सामान पलंगावर मांडून काढलेला, बंद सॅकचा नको.

तुझी,
आई