वळूची चौकशी होते, मग स्टडची का नाही? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

सांगलीतल्या राहत्या घरी मी आमच्या लॅब्राडोर फीमेलची, साखरची, दोनदा मेटिंग करून घेतली. 2013 आणि 2014 मधली गोष्ट. दोन वेतांत मिळून पंधरा पिल्लं झाली. एक घरी ठेवलं, एक स्टडवाल्याने, म्हणजे मेटिंगसाठी आणलेल्या नराच्या मालकाने, रिवाजाप्रमाणे निवडून नेलं, बाकीची विकली. आई-बापाची तपासणी न करता कुत्र्यांची पैदास होते, याच्या तक्रारीचं हे पत्र आहे, पण त्यातली पहिली आरोपी मीच आहे.

घरी ठेवलेल्या पिल्लाचं नाव गुंडी. सहा-सात महिन्यांची असताना ती सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकत पळायची. आम्ही हसायचो, व्हिडिओ काढायचो. दहाव्या महिन्यात लंगडायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पेनाने दाखवलं: खुब्याचा गोळा उखळीत बसलेलाच नव्हता, कडेला नुसता टेकलेला होता. याला हिप डिसप्लेशिया म्हणतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. जास्त खाणं, वजन आणि गुळगुळीत फरशी त्यात भर घालतात.

“आईचा फोटो काढला होता का?” डॉक्टरांनी विचारलं. नव्हता. मग काढला. साखरचेही दोन्ही खुबे खराब निघाले. ती कधी सोफ्यावर चढायची नाही, जिन्यात थांबून राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही कौतुकाने सांगायचो, किती शहाणी आहे बघा. तिला दुखत होतं.

त्याच सुमारास मिरजेहून एका गृहस्थांचा फोन आला होता. तुमच्याकडून नेलेलं पिल्लू मागच्या पायाने अधू झालंय म्हणाले. मी म्हटलं, फरशीवर पळवलं असेल तुम्ही. साखरचा एक्स-रे पाहिल्यावर त्यांना फोन लावला, तर तो नंबर बंद होता.

साहेब, साखरला केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे पेपर होते, स्टडलाही होते. त्यांच्या जोरावर मी पिल्लामागे चार हजार रुपये जास्त घेतले. त्या पेपरवर आई-बापाची, आजा-पणजाची नावं असतात, कुणी शो जिंकला असेल तर तेही. खुबा कसा आहे, डोळा कसा आहे, हृदय कसं आहे, याचा त्यात एक शब्द नसतो. तो जन्माचा दाखला आहे. आम्ही सगळे तो तब्येतीचा दाखला म्हणून विकतो आणि लोकही तसाच विकत घेतात.

आता आपल्याच खात्यातलं दुसरं दालन बघा. गोठित रेतन केंद्रात, म्हणजे जिथे कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य गोठवून ठेवतात तिथे, वळू घ्यायचा तर त्याच्या आईचं दूध पाहतात. क्षयरोग, ब्रुसेलोसिस यांच्या तपासण्या होतात, आनुवंशिक दोष तपासतात. दोषी निघाला की वळू बाद. गावातल्या शेतकऱ्यालाही हे पटतं, कारण एका वळूच्या वीर्याच्या कांड्या हजारो गाईंपर्यंत जातात. कुत्र्यांत चॅम्पियन स्टडचं तसंच आहे. एक गाजलेला नर चार-पाच जिल्ह्यांतल्या फीमेल्सना लागतो, मग त्याच्या नाती-पणती पुन्हा त्याच रक्तात दिल्या जातात. याला ‘लाइन ब्रीडिंग’ असं भारदस्त नाव आहे. आपण गावाकडे सोयरीक जुळवताना याहून जास्त चौकशी करतो.

कायदा नाही असं नाही. केंद्राचे श्वान प्रजनन व विक्री नियम 2017 साली आले. त्यानुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. दीड वर्षाच्या आत फीमेलची मेटिंग करायची नाही, आयुष्यात पाचाहून जास्त वेतं घ्यायची नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. मेटिंगआधी पशुवैद्यकाने निरोगी असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. माझ्यासारखे घरगुती पिल्लं विकणारेही यात येतात, पण नोंदणी केलेला एकही माझ्या ओळखीत नाही. आजही पाच आठवड्यांची पिल्लं ‘डबल बोन’, ‘पंच फेस’ (चपटं तोंड) अशा जाहिराती करून व्हॉट्सॲपवर विकली जातात. (डबल बोन नावाचं काही नसतं. हाड एकच असतं.)

खरी मेख त्या ‘निरोगी’ शब्दात आहे. ताप नाही, खरूज नाही, लसी झाल्यात, एवढ्यावर सही होते. साखरवर कुणीही केली असती. राज्याने जातवार ठरवून द्यावं: लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड असेल तर खुब्याचा व कोपराचा एक्स-रे, डॉबरमन असेल तर हृदयाची तपासणी, पग असेल तर चालवून-पळवून श्वास तपासणे. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. एक्स-रे तिथे माफक दरात निघावेत आणि सगळ्या फिल्म्स एकाच तज्ज्ञ गटाने वाचाव्यात. ब्रिटनमध्ये दोन्ही खुब्यांना मिळून 0 ते 106 गुण देतात; जितके कमी तितकं चांगलं. अशा तपासणीने दोष मुळासकट जात नाही, चांगल्या आई-बापाच्या पोटीही एखादं लंगडं पिल्लू निघतं. पण गोळा उखळीबाहेर असलेली साखर तरी आई झाली नसती.

एक सावधगिरी मात्र हवी. डोळ्याच्या पडद्याचा एक आजार लॅब्राडोरमध्ये आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. नुसता वाहक, म्हणजे एकाकडूनच सदोष जनुक आलेला कुत्रा निर्दोष जोडीदाराला दिला तर पिल्लं आंधळी होत नाहीत. सगळे वाहक एकदम बाद केले तर आधीच आटलेलं रक्त आणखी आटेल.

पगबद्दल थोडक्यात. 2003 च्या त्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर पग घरोघरी आला. त्याचं घोरणं आपल्याला गोड वाटतं. नाकपुड्या चिमटलेल्या, टाळू घशात लोंबणारा, म्हणून तो घोरतो. कुत्रा अंग थंड करतो तो धापा टाकून, आणि याला ते धड जमत नाही. त्याचा नागपुरातला मे महिना कसा जात असेल? नेदरलँड्समध्ये 2019 पासून ठरावीक प्रमाणापेक्षा आखूड नाकाड असलेल्या कुत्र्यांचं प्रजनन बंद केलं आहे.

आणि आपली कारवानी, ही शिकारी कुत्र्यांची देशी जात. मुधोळच्या नावाने तिला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोची मान्यता आहे, पण ती इकडे जत, सोलापूर, लातूर पट्ट्यातही आहे. मेंढपाळांनी आणि शिकाऱ्यांनी ती घडवली. जे पळेल, टिकेल, त्याचीच पिल्लं ठेवायची, ही तिची तपासणी. 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं, पण त्याबरोबर ती परीक्षाही गेली. आता रील्समध्ये कंबर किती बारीक दिसते यावर भाव ठरतो. कारवानीची वंशावळ नोंदवही राज्याने आत्ताच सुरू करावी, आणि त्यात कुत्रं कोणत्या वयात, कशाने मेलं हाही रकाना ठेवावा. पुण्या-मुंबईत पालिका कुत्र्याचा परवाना देते; तिथेही हा रकाना घालता येईल. नाहीतर कुठलं रक्त दीर्घायुषी आहे हे कळणार कसं?

गुंडी साडेसात वर्षं जगली. शेवटची दोन वर्षं घरभर सतरंज्या आणि योगा मॅट अंथरलेल्या होत्या, तरी मॅट संपून फरशी लागली की तिची नखं घसरल्याचा आवाज यायचा. मायलेकींच्या फिल्म्स माझ्या कपाटात आहेत. खात्यातल्या कुणाला पाहायच्या असतील तर मी पुण्याला आयुक्तालयात घेऊन येईन.

कळावे,
आपली,
एक माजी ब्रीडर, सांगली