रेबीजची तपासणी करणाऱ्या मॅडमना पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

त्या गायीच्या मेंदूचा नमुना तुमच्याकडे पाठवणारा पशुवैद्यक मी. तेव्हा घाईत आभार मानायचे राहून गेले.

गायीने खाणं सोडलं होतं, लाळ गळत होती, हंबरणं घोगरं झालं होतं. घशात काही अडकलं असेल म्हणून घरच्यांनी तिच्या तोंडात हात घातले. कुत्रा चावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे रेबीजचं नाव काढलं तरी त्यांना पटेना. गाय दगावल्यावर मी तुम्हाला फोन केला. तुम्ही नमुन्याआधी माणसांची चौकशी केलीत. "रिपोर्टची वाट बघू नका, त्यांना आत्ताच दवाखान्यात पाठवा," असं बजावलंत. ते गेले. ज्याच्या हाताला चिरा होत्या, त्याला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या तयार अँटिबॉडींचं इंजेक्शनही मिळालं.

कवटी फोडायला घरच्यांचा विरोध होता. मानेकडच्या छिद्रातून नमुना कसा काढायचा, हे तुम्ही मला फोनवर न कंटाळता समजावलंत. मेंदूच्या देठाचा पूर्ण आडवा छेद हवा, कारण विषाणू कधी एकाच बाजूला असतो आणि अर्ध्या तुकड्यावर दिलेला 'निगेटिव्ह' फसवा ठरू शकतो. सोबत लहान मेंदूचा भाग. फॉर्मॅलिन नको, बर्फात पाठवा. इतकं नेमकं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

कॉलेजात आमचा भर नेग्री बॉडीजवर, म्हणजे रेबीजमध्ये मेंदूच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ठिपक्यांवर होता. 1903 साली नेग्रींनी त्या दाखवल्या हे खरं, पण रेबीज झालेल्या कितीतरी जनावरांत त्या दिसतच नाहीत. तुम्ही केलेली फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणी, ज्यात विषाणूला चिकटलेल्या अँटिबॉडी चमकतात, ती 1958 पासूनची, आणि आजही तिच्यावरच सर्वाधिक विसंबता येतं. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणाऱ्या हिरव्या ठिपक्यांचा फोटो तुम्ही पाठवलात, तो मी त्या घरात दाखवला. मग कुणी वाद घातला नाही. लसीचा एकही डोस चुकला नाही, आणि गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांनाही लस टोचून घेतली.

तुमच्या सहकाऱ्यांनाही माझे आभार सांगा. स्वतः लस घेऊन, अंगातल्या अँटिबॉडी वेळोवेळी मोजून ते रोज असे मेंदू हाताळतात. ज्यांच्यासाठी हे चालतं त्यांच्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं, आणि मला याची खंत वाटते.

नमुना कसा काढायचा ते मी आता आमच्याकडच्या तरुण डॉक्टरांना दाखवतो आहे. संशयित जनावर तपासणीशिवाय पुरलं जाऊ नये, यासाठी आम्ही सगळे झटतो आहोत.

आपला कृतज्ञ,
एक पशुवैद्यक